आयझेले मास्तरांचा खोका

जर्मनीत एकवीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांना गाणी ऐकवण्याचा पगार घेतला. साताऱ्याला माहेरी हे वाक्य मी एकदाच बोलले. माझी वहिनी गवार मोडत होती, ती थांबली आणि म्हणाली, "आणि ते देतात?"

देतात. वर सुट्टीही देतात. स्टुटगार्टच्या एका चढावर, जिथे बस शेवटच्या स्टॉपला धापा टाकत पोचते, तिथल्या एका वृद्धनिवासात मी 'बेट्रॉयुंग्सक्राफ्ट' होते. म्हणजे नर्स नव्हे. इंजेक्शनं, औषधं, आंघोळी ही दुसऱ्यांची कामं. माणसाचं पोट, पाठ आणि रक्तदाब त्यांच्याकडे, आणि एवढं सगळं वजा जाता जो माणूस उरतो तो माझ्याकडे. त्याला पेपर वाचून दाखवायचा, त्याच्याशी पत्ते खेळायचे आणि शक्यतो हरायचं, बागेत फिरवून आणायचं, आणि दर बुधवारी दुपारी तीन वाजता, कॉफी-केकच्या आधी, संगीताचा तास घ्यायचा.

माझं आडनाव चौबळ. तिथे ते 'काउबाल' झालं. जर्मनमध्ये काउबाल म्हणजे कुत्र्याने चघळायचा रबरी चेंडू. पहिल्या दिवशी हे कळल्यावर मी घरी येऊन रडले. पण नंतर लक्षात आलं, की या नावामुळे एकही म्हातारा मला विसरत नाही. ज्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नसे, ते लांबून हाक मारत, "फ्राउ काउबाल!" म्हणजे चौबळबाई.

आमच्याकडे नवीन माणूस राहायला आला की त्याच्या मुलांकडून एक फॉर्म भरून घेतात. जन्म, शिक्षण, धंदा, आवडता पदार्थ, भीती कशाची वाटते वगैरे. त्यात एक रकाना असतो, आवडतं संगीत. मुलं तिथे बिनदिक्कत लिहितात: लोकगीतं, थोडं क्लासिकल. आई म्हातारी आहे ना, मग तिला म्हाताऱ्यांचं संगीत आवडणार. मीही ते खरं मानायची. पाणचक्की, जंगल, निघालेला मुशाफिर, मागे अकॉर्डियन, अशा गाण्यांच्या सीडी मी बरीच वर्षं वाजवल्या.

पहिल्या रांगेत फ्राउ हिलर बसायच्या. ऐंशी वर्षांच्या, नेहमी इस्त्रीचा ब्लाउज. दोन वर्षं त्यांनी एक बुधवार चुकवला नाही. एक दिवस तास संपल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"फ्राउ काउबाल, मी किती वर्षांची आहे?"

"ऐंशी."

"मग जरा वजाबाकी करा. ही गाणी माझ्या आजीची. मी सोळा वर्षांची असताना आमच्या गावच्या खानावळीत नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आलं. मी त्याच्यापुढे रॉक अँड रोल नाचले आणि पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात माझं नाव घेतलं. नावानिशी!" हे सांगताना त्या अशा ताठ झाल्या की जणू पदक मिळालं होतं.

"अहो, मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही बाहेरच्या देशातून आलेल्या. मला वाटलं, तुम्हालाच ही गाणी फार आवडतात. तुमचं मन कसं मोडायचं?"

मला तर त्या गाण्यांतली पाणचक्की स्वप्नात येऊन दळायला लागली होती. म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींसाठी ते सहन करत होतो. त्यानंतर फ्राउ हिलरना त्यांची गाणी मी जेमतेम तीन बुधवार ऐकवू शकले. चौथ्या बुधवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. या नोकरीतली माझी ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती दुरुस्त करण्यासारखी नाही.

मग मात्र मी सगळ्या मजल्याची वजाबाकी केली. ही माणसं युद्धाच्या शेवटी तान्ही होती, नाहीतर जन्मायची होती. ती सोळा-सतराची झाली तेव्हा घरात बाप बोलत नव्हता, शाळेत मास्तर ओरडत होते आणि दोघांच्या मध्ये टीव्ही येऊन बसला होता. अकॉर्डियन फेकून मी एक बरासा स्पीकर मागवला आणि त्यांनाच विचारायला सुरुवात केली. काय एकेक निघालं! गावात पहिला टीव्ही खानावळीत आला, तेव्हा पोरं बाहेर खिडकीला नाक लावून उभी राहायची. काचेवरच्या नाकांच्या खुणा मालकीण रोज पुसायची. पुढे तो घरी आला. वर जाळीचा मेजपोस, त्यावर फुलदाणी, समोर बापाची खुर्ची. शनिवारी दुपारी इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि त्याआधी निवेदक, ज्यांना हे संगीत आवडत नाही त्यांची क्षमा मागायचा. एवढ्यावरच तरुण पोरांना कळायचं की पुढे काहीतरी उत्तम आहे! आमच्या त्या श्वाबेन प्रांतात शनिवार हा जिना झाडायचा वार. आमच्या एका आजी सांगत, त्या शनिवारी जिना तीनदा झाडायच्या, कारण शेजाऱ्याच्या दाराला कान लावला की टीव्ही ऐकू यायचा. आईला वाटायचं, मुलगी वळणाची निघाली.

बुधवारी आता खुर्च्या कमी पडू लागल्या. आमचे हे म्हणाले, "तू तिथे नोकरी करतेस की ऑर्केस्ट्रा चालवतेस?"

फक्त एक दार बुधवारी बंद व्हायचं. बरोबर तीन वाजता, मोजून-मापून आवाज करत. ते हेर, म्हणजे श्रीयुत, आयझेले यांचं. वय सत्त्याऐंशी, निवृत्त गणित शिक्षक, कोटाच्या खिशात लाल पेन्सिल. जेवणाच्या मेन्यूकार्डातल्या शुद्धलेखनाच्या चुका सुधारून ते स्वयंपाकघरात परत पाठवत. त्यांच्या फॉर्ममध्ये मुलाने लिहिलं होतं, आवडतं संगीत: नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात आमच्याकडे फ्राउ गुडरून माउरर आल्या. वय पंच्याहत्तर, म्हणजे आमच्या हिशेबाने कोवळ्या. आयुष्यभर ट्राम चालवलेल्या, खुब्याचं हाड मोडल्यामुळे चाकांचा वॉकर घेऊन. आवाज असा की बेल वाजवायची गरज पडली नसावी. दुसऱ्याच दिवशी जेवताना टेबलावर कुणीतरी काही बोललं आणि पलीकडून हेर आयझेले कडाडले, "आधी विचार, मग तोंड!"

फ्राउ माउरर यांचा काटा हवेतच थांबला. त्या उठल्या, वॉकर ढकलत त्यांच्या टेबलाशी गेल्या.

"आयझेले मास्तर. नववी ब. माझी रेकॉर्ड."

हेर आयझेले यांनी चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं. "वेबर," ते म्हणाले. हे फ्राउ माउरर यांचं माहेरचं आडनाव. "गुडरून वेबर. दुसरा बाक, खिडकीशी. भूमिती कच्ची."

"रेकॉर्ड."

"जप्त वस्तू वर्षाअखेरीस पालकांना घेऊन येऊन न्यायची, असा नियम होता. तू आली नाहीस."

"माझ्या वडिलांना घेऊन? त्यांनी आधी रेकॉर्ड मोडली असती आणि मग मला. आणि 'तू' नाही म्हणायचं. मी पंच्याहत्तर वर्षांची आहे."

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. त्या दिवशी आमच्याकडे पहिल्यांदा सूप गार झालं.

त्यानंतर रोज तीन वेळा, जिथे बाकीचे 'गुटन आपेटिट', म्हणजे सावकाश होऊ द्या, म्हणत तिथे फ्राउ माउरर "रेकॉर्ड!" म्हणू लागल्या. इथवर ठीक होतं. पण पुढच्या बुधवारी त्यांनी मला कानात ते गाणं सांगितलं, जे त्या रेकॉर्डवर होतं. म्हणाल्या, "जरा मोठ्याने. आणि त्यांच्या दाराकडे तोंड करून." मी ते केलं. शहाण्या बाईने करायला नको होतं, पण खरं सांगायचं तर मला मजा वाटली. स्पीकर मी स्वतः वळवला.

गुरुवारी सकाळी तक्रार आली, आणि हेर आयझेले खोलीतच जेवू लागले. दोन पानं, मुद्द्यांना आकडे, समासात उपमुद्दे. आमच्या संचालिका फ्राउ क्नाउस यांनी मला बोलावलं.

"फ्राउ काउबाल, इथे आठव्या मुद्द्यात लिहिलंय की स्पीकर हेतुपुरस्सर वळवण्यात आला. असं झालं का?"

"या," मी म्हणाले. म्हणजे हो. खोटं बोलायला जर्मन कमी पडतं.

"दोन आठवडे देते. हेर आयझेले खोलीबाहेर येऊन जेवू लागले तर ठीक. नाहीतर बुधवारचा तास बंद. पुन्हा अकॉर्डियन."

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. समोर बटाटे गार झाले होते. मी स्पीकरबद्दल माफी मागितली. त्यांनी मान हलवली, म्हणजे आठवा मुद्दा मिटला. मग मी हळूच विचारलं, "ती रेकॉर्ड फेकून दिलीत का?"

ते असे दुखावले, जणू मी त्यांना चोर म्हटलं होतं. "फेकून? मुलांची वस्तू? मी चाळीस वर्षांत काहीही फेकलेलं नाही. सगळं खोक्यात आहे. नावासकट."

खोका त्यांच्या मुलाच्या तळघरात होता, इंगोलश्टाटला. शनिवारी मुलगा गाडीतून तो घेऊन आला. कार कंपनीतला साठीला टेकलेला इंजिनियर, घामाघूम. "घर विकताना बाबांनी पियानो सोडला, आईचं कपाट सोडलं," तो मला जिन्यात म्हणाला, "हे मात्र नाही. आत काय आहे ते मलाही माहीत नाही."

हेर आयझेले यांच्या आग्रहामुळे खोका दिवाणखान्यात, फ्राउ क्नाउस यांना साक्षीदार ठेवून उघडला. आत तपकिरी पाकिटं, एकामागे एक उभी. प्रत्येकावर नाव, वर्ग आणि कारण. मास्तर एकेक पाकीट उचलून वाचू लागले, जसा निकाल वाचतात.

"ट्रान्झिस्टर, एक. कारण: धर्माच्या तासाला दप्तरातून संगीत येणे."

"गायकाचे फोटो, चार. कारण: प्रार्थनापुस्तकात ठेवणे."

"काळा चष्मा, एक. कारण: नोव्हेंबरमध्ये घालणे."

म्हातारे हसून हसून खोकू लागले. मग मास्तर थांबले आणि त्यांनी पुढचं पाकीट फ्राउ माउरर यांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतःच वाचलं. "रेकॉर्ड, एक. कारण: शाळेत बाळगणे व विचारल्यावर हसणे."

"हसले होते मी!" त्या म्हणाल्या. आणि पाकीट उघडलं. आत रेकॉर्डचं कागदी कव्हर होतं, चार पोरांचा फोटो असलेलं. त्यांनी ते उलटं केलं, हलवलं. आत रेकॉर्ड नव्हती.

"चोर," त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण हा शब्द इतका हळू आला की मला तो टोचला. "मी सुट्टीभर केकच्या दुकानात भांडी घासली होती त्यासाठी. एकदाही ऐकली नव्हती. मैत्रिणीच्या घरी नेत होते, त्यांच्याकडे प्लेअर होता."

हेर आयझेले आधी लाल झाले, मग पांढरे. उठले आणि खोलीत गेले. मुलगा मागे गेला तर दार आतून बंद.

रविवारी त्यांनी काही खाल्लं नाही. सोमवारी सकाळी नर्सने मला सांगितलं, ते पाणीही नको म्हणतात. या वयात दोन दिवस फार असतात. मी त्या नोकरीत अशी माणसं पाहिली होती जी रुसायला म्हणून खोलीत गेली आणि परत आली नाहीत. मी दार वाजवलं. उघडलं.

ते पलंगावर कोट घालून बसले होते. "बसा, फ्राउ काउबाल. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या मुलांहून बारा वर्षांनी मोठा, बस. माझी पंधरा-सोळाची वर्षं छप्पर दुरुस्त करण्यात गेली, वडील परत आलेच नव्हते. माझ्यासाठी कुणी गाणीबिणी केली नाहीत. आणि आता ही पोरं हसत होती. मला त्यांचा राग यायचा. मग एका शनिवारी वाटलं, आपण जे जप्त करतो ते आहे तरी काय? रेकॉर्ड घरी नेली. एकदाच ऐकायची म्हणून."

"मग?"

"मुख्याध्यापक समोरच राहायचे. मी पडदे ओढले. इर्मगार्डला, माझ्या बायकोला म्हटलं, आवाज कमी ठेव. तिने वाढवला. आम्ही नाचलो. मी! लग्नातही मी नाचलो नव्हतो. मग दर शनिवारी. वर्षअखेरीला मी वाट पाहत होतो की ती मुलगी येईल आणि घेऊन जाईल; आणि देवाची प्रार्थना करत होतो की न येवो. पुढे एकदा गाणं संपलं तरी इर्मगार्ड नाचतच राहिली आणि सोफ्यावर पडली. रेकॉर्ड मी नुकतीच सोफ्यावर ठेवली होती. रिकामं कव्हर पाकिटात परत घातलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही सांगत आलो की ती आत आहे."

मला हसू येत होतं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इर्मगार्ड जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"तुम्ही वेबरला सांगाल का?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला जमेल. तुमचा धंदाच आहे तो."

आमच्या धंद्यात हा मोह फार असतो. दोन माणसांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोघांचे निरोप गोड करून पोचवायचे. मी ते वर्षानुवर्षं केलं होतं. त्या दिवशी मात्र म्हणाले, "नाही, हेर आयझेले. नियम मोडला तर मुलांना कोण सांगायला लावत होतं?"

"मी."

"कसं?"

"उभं राहून," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले.

फ्राउ माउरर कॉरिडॉरमध्ये खिडकीपाशी बसल्या होत्या. मास्तर त्यांच्यासमोर उभे राहिले, हात पाठीशी, आणि सगळं सांगितलं. पडदे, मुख्याध्यापक, सोफा. एक शब्द गाळला नाही. आणि पूर्ण वेळ 'तुम्ही' म्हणाले. मी दहा पावलांवर औषधांच्या ट्रॉलीमागे काहीतरी नीट लावल्यासारखं करत होते. ट्रॉलीला हात लावायची मला परवानगीही नव्हती.

त्यांचं संपल्यावर फ्राउ माउरर म्हणाल्या, "तुमच्या बायको कशा नाचायच्या?"

"वाईट," मास्तर म्हणाले. "कोंबड्या हाकलल्यासारख्या."

"आणि तुम्ही?"

"मी कोंबडी."

आधी त्या हसल्या की मास्तर, ते मला सांगता येणार नाही, कारण मी ट्रॉलीमागे खाली बसले होते. पण त्या हसण्यानंतर फ्राउ माउरर जे बोलल्या ते मला स्वच्छ ऐकू आलं. "मग वाया नाही गेली. आमच्या घरी ती दोन दिवस टिकली नसती. बसा आता. कारण लिहिलंत ना, हसणे. तेवढं खोडा."

लाल पेन्सिलने ते खोडलं गेलं. त्या दुपारी हेर आयझेले दिवाणखान्यात जेवले. तक्रार त्यांनी लेखी मागे घेतली, त्याचबरोबर पहिल्या तक्रारीत आपण केलेल्या स्वल्पविरामाच्या दोन चुकाही कळवल्या.

उरला खोका. मास्तरांना आता एकेक वस्तू परत द्यायची होती. फ्राउ क्नाउस यांनी कपाळाला हात लावला आणि जर्मनीतला तो थोर शब्द उच्चारला, 'दाटेनशुत्झ', म्हणजे खाजगी माहितीचं संरक्षण. लोकांचे पत्ते असे शोधता येत नाहीत. घरी माझी मुलगीही तेच म्हणाली, तेही जर्मनमध्ये. आमच्या ह्यांनी आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेलं; त्यांना फक्त लेबलांचं कौतुक. पण फ्राउ माउरर यांच्या मोबाईलवर नववी बचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. निदान त्या वर्गाचं काम एका मेसेजमध्ये झालं.

मे महिन्याच्या एका बुधवारी ते आले. काठ्या, श्रवणयंत्रं, एक जण ऑक्सिजनची नळी लावून. आमच्या पोर्टरला वाटलं नवीन भरती आहे, त्याने सगळ्यांना फॉर्म दिले. मास्तर टेबलामागे बसून पाकीट देत आणि पोच घेत. "इथे सही. सुवाच्य." पंच्याहत्तर वर्षांची माणसं सरळ रांगेत उभी होती, कुणी ढकलत नव्हतं. ट्रान्झिस्टरवाल्याने विचारलं, "मास्तर, पालक आणले नाहीत, चालेल?" मास्तर म्हणाले, "या वेळी चालेल." काळा चष्मा ज्याचा होता त्याने तो तिथेच घातला आणि त्याला काहीच दिसेना, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच आठवड्यात झालं होतं. मी स्पीकर लावला. यावेळी दाराकडे वळवायची गरज नव्हती.

सगळे कॉफीकडे वळल्यावर टेबलाशी एक बाई उरली. पन्नाशीच्या आतली, ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र तसंच राहिलेलं. म्हणाली, "मी केलर. रोल्फ केलर यांची मुलगी. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. ग्रुपवर त्यांचा नंबर अजून आहे, फोन माझ्याकडे असतो."

मास्तरांनी नववी बचं शेवटचं पाकीट काढलं. यावेळी मोठ्याने वाचलं नाही, तसंच पुढे केलं. तिने वाचलं: कंगवा, एक. कारण: भूमितीच्या तासाला टीव्हीतल्या गायकासारखे केस विंचरणे.

तिने कंगवा बाहेर काढला. साधा, काळा, एक दात तुटलेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग मास्तरांकडे.

"बाबांना केस होते?"

"म्हणजे?"

"मी पाहिले तेव्हापासून त्यांना पूर्ण टक्कल होतं. फोटोसुद्धा नाहीत, आजोबांनी त्या काळातले सगळे फाडले म्हणे. आम्ही त्यांना चिडवायचो, तुम्ही असेच जन्मलात. ते नुसते हसायचे."

हेर आयझेले काठीवर जोर देऊन उठले. तिच्यासमोर ताठ उभे राहिले, हात पाठीशी.

"होते," ते म्हणाले. "दाट, काळेभोर. इथून असे वर जायचे आणि कपाळावर यायचे. सगळ्या वर्गात सगळ्यात सुंदर. मला तेव्हाही ते दिसत होतं, फक्त मी तसं लिहिलं नाही."